कासव मिळाले आहे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘पंचवीस वर्षांतली एक आठवण’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. पाण्याच्या टाकीचा इतिहास आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी सांगितला. कन्व्हेयन्सची लढाई अध्यक्षांनी सांगितली. लिफ्टबद्दल बोलायला कुणी तयार झालं नाही, ते योग्यच झालं. मी बँकेतला माणूस, म्हणून माझ्याकडून सिंकिंग फंडावर बोलण्याची अपेक्षा असेल. पण मी बोलणार आहे एका कासवाबद्दल.

२०२३च्या जुलैमध्ये आपल्या सोसायटीत एक कासव सापडलं आणि अठरा दिवसांनी ते त्याच्या मालकाकडे परत गेलं. जे इथे होते त्यांना हे माहीत आहे. जे नंतर आले त्यांनी ऐकीव गोष्टी ऐकल्या आहेत. परवा एका नव्या सभासदांनी मला विचारलं, “काका, ते मगरीचं पिल्लू होतं ना?” म्हणून म्हटलं, एकदा रेकॉर्डवर येऊ दे.

त्या आठवड्यात ठाण्यात पावसाने धुमाकूळ घातला होता. गुरुवारी सकाळी साडेसहाला आपले वॉचमन पंप सुरू करायला ‘ए’ विंगच्या मागे गेले, तर पंपरूमच्या उंबऱ्याला टेकून काहीतरी हललं. त्यांना आधी उलटी पडलेली कढई वाटली. कढईने मान बाहेर काढली तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. त्यांनी बादलीत घालून ते आणलं आणि ऑफिसबाहेर ठेवलं. पाठ सहा इंच लांब, रंग काळपट हिरवा, आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टी.

नऊ वाजेपर्यंत आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभरावर संदेश आले होते. कुणी म्हणालं, कासव आपल्या पायांनी घरात येणं शुभ, सोसायटीने पाळावं. कुणी म्हणालं, देवळात देऊन टाका. कुणी म्हणालं, उपवन तलावात सोडा, पुण्य लागेल. कुणी म्हणालं, हात लावू नका, जामीन मिळत नाही. चौथ्या मजल्यावरून एकाने फक्त अंगठा पाठवला. तो कशाला होता हे अजून कळलेलं नाही.

मला बोलावलं गेलं ते बहुधा रिकामटेकडा ज्येष्ठ नागरिक म्हणून. पण छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर एक सवय हाडांत मुरते. कुणाची तरी वस्तू आपल्या टेबलावर आली की तीन प्रश्न विचारायचे. ही वस्तू ताब्यात ठेवणं कायद्यात बसतं का? बसत असेल तर ती सांभाळायची कशी? आणि द्यायची कुणाला? कासवालाही हेच तीन प्रश्न लागू होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला प्रश्न. आपल्याकडची जी देशी कासवं आहेत, त्यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ याचं संरक्षण आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ‘स्टार’ कासव लोक हौसेने घरात ठेवतात, पण ते ठेवणं गुन्हा आहे. त्याचा चोरटा व्यापार इतका वाढला, की २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वांत कडक यादीत घातलं गेलं. त्यामुळे आपल्या दारात आलेलं कासव देशी असतं, तर मालक शोधायचा प्रश्नच नव्हता. ते वन विभागाच्या ताब्यात द्यायला लागलं असतं.

म्हणून सेक्रेटरींनी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून सांगितलं, तीन फोटो पाठवा, पाठीचा, तोंडाचा आणि पोटाचा. संध्याकाळी निरोप आला. हे भारतातलं कासव नाही. ‘रेड इअर्ड स्लायडर’, म्हणजे लाल कानाचं. मूळ अमेरिकेतलं. माशांच्या दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी हिरवी पिल्लं मिळतात, ती हीच. कुणाचं तरी पाळलेलं असणार, मालक शोधा. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की काहीही झालं तरी तलावात, नदीत, विहिरीत सोडू नका.

हे तलावाचं जरा समजावून सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते पुण्यकर्म वाटत होतं. हे कासव दणकट आणि खादाड. मासे, बेडकांची पिल्लं, किडे, पाणवनस्पती, सगळं खातं आणि तीस-तीस वर्षं जगतं. उन्हाला बसायच्या जागा बळकावतं, मग देशी कासवांना जागा उरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत याचं नाव आहे. आपल्या ईशान्य भारतातल्या पाण्यांतही ते पोहोचलं आहे. दुकानदार सांगतो, “एवढंच राहतं.” ते खरं नसतं. मादी तर जेवणाच्या ताटाएवढी होते. मग लोकांना टब पुरत नाही, आणि एके दिवशी रात्री गुपचूप तलावाकडे फेरी होते.

दुसरा प्रश्न, सांभाळायचं कसं. आपल्या करार कायद्यात, १८७२च्या, कलम ७१ आहे. सापडलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली, त्याच्यावर ठेवदाराइतकीच जबाबदारी येते. म्हणजे आपल्या स्वतःच्या वस्तूची एखादा शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यायची. एकदा बादलीत घातलं, की ‘आम्हाला काय माहीत’ म्हणता येत नाही.

मग ऑफिसमागच्या पोर्चमध्ये मोठा प्लास्टिकचा टब आला. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, एका बाजूला दोन विटा, म्हणजे त्याला वर येऊन ऊन घेता येईल. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग टबात. हे सगळं आपल्या ‘बी’ विंगमधल्या पशुवैद्य ताईंनी सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. या कासवाला पाण्याबाहेर गिळताच येत नाही. घास तोंडात धरून ते पाण्यात जातं. तोवर आपल्या भगिनींनी त्याच्यापुढे पोळी, दूधभात, साबुदाण्याची खिचडी आणि एकादशीचं रताळं ठेवून झालं होतं, आणि ‘बिचारं काही खात नाही’ म्हणून हळहळही व्यक्त झाली होती. ताईंनी ते सगळं उचलायला लावलं, पालेभाजी आणि कासवांचं तयार खाद्य सुरू केलं. टबापाशी साबणाची वडी ठेवली आणि मुलांना दम दिला, की कासवाला हात लावला तर हात धुतल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यापायी अमेरिकेत १९७५पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे.

आता तिसरा प्रश्न, द्यायचं कुणाला. इथे माझी बँक कामाला आली.

समितीतल्या तरुण मंडळींनी कासवाचे आठ फोटो काढून ग्रुपवर टाकायची तयारी केली होती. मी म्हटलं, थांबा. जी खूण मालकाने सांगायची, ती आपणच जाहीर केली, तर पडताळायचं काय? खातेदाराने सही करायची आणि आपण ती नमुन्याच्या सहीशी ताडून बघायची. आपण नमुन्याचं कार्ड काउंटरवर टांगत नाही.

आणि या कासवाकडे नमुन्याची सही होती. त्याची पोटाकडची बाजू पिवळी असते आणि तिच्यावर बारा तुकड्यांत काळे ठिपके असतात. प्रत्येक कासवाचे ठिपके निराळे. आमच्या कासवाच्या पोटावर सगळ्यात मागच्या डाव्या तुकड्यातला ठिपका स्वल्पविरामासारखा होता, खाली शेपूट आलेला. शिवाय पाठीच्या कडेला उजवीकडे मागे एक खाच होती, जुनी, बुजलेली. हे दोन्ही तपशील मी कागदावर लिहिले, पोटाचा फोटो जोडला, पाकीट बंद केलं, चिकटवलेल्या जागेवर सेक्रेटरींनी आणि मी अशा दोघांनी आडव्या सह्या केल्या. बँकेत तिजोरीची किल्ली दोघांकडे असते, त्यातलाच प्रकार. ग्रुपवर पडलेले सकाळचे दोन फोटो वरून काढलेले होते, पोट कुणी पाहिलेलं नव्हतं. वन विभागाला पाठवलेले फोटो सेक्रेटरींच्या फोनमध्येच होते.

मग फळ्यावर नोटीस लागली. ‘कासव मिळाले आहे. मालकाने ओळखीच्या खुणांसह कार्यालयात सायं. ६ ते ७ या वेळेत संपर्क साधावा. मुदत ३० दिवस.’ आजूबाजूच्या चार सोसायट्यांतही ती लावली.

तीन दावे आले. पहिला फोनवरून. त्या गृहस्थांना ते वास्तूसाठी हवं होतं, कोणत्याही खुणेचं चाललं असतं. दुसरा एक तरुण, त्याने पोटाचा रंग पांढरा सांगितला आणि स्कूटर चालू ठेवूनच परत गेला. तिसरा दावा मात्र खरा वाटावा असा होता. शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक, नातवाचं कासव तीन वर्षांपूर्वी हरवलेलं. फार सज्जन माणूस. मी विचारलं, “सर, काही खूण?” म्हणाले, “डोळ्यामागे लाल पट्टी.” मी म्हटलं, “सर, ती या जातीच्या सगळ्यांनाच असते. पासबुकावर बँकेचं नाव आहे, एवढ्याने खातं आपलं होत नाही.” ते हसले. म्हणाले, “खरं आहे. माझं तेव्हा दोन इंचांचं होतं, पोट कधी उलटं करून पाहिलं नाही. मुदतीत कुणी नाही आलं, तर माझा विचार करा.” त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

दिवस जात राहिले. पोर्चमध्ये वास येऊ लागला. पाणी बदलायची पाळी कुणाची यावरून दोन विंगांमध्ये शब्दाला शब्द झाला. पंधराव्या दिवशी, गुरुवारी, समितीची बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं पडलं, की शिक्षक भले आहेत, त्यांना घेऊन जाऊ द्या, तीस दिवस कोण थांबतंय? म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कासव चांगल्या घरी गेलं असतं. मी रविवारपर्यंत वेळ मागून घेतला. तीस दिवस लिहिले आहेत तर तीस दिवस पाळावेत, एवढंच माझं म्हणणं होतं. मिळाले तीन दिवस.

मंडळी, ते कासव आपल्याच सोसायटीतलं होतं. आणि त्याच्या मालकाने ती नोटीस पहिल्याच दिवशी वाचली होती.

हे उघडकीस आणलं आपल्या वॉचमननी. शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, “काका, एक सांगू का? ‘सी’ विंगमधली ती छोटी रोज दोन वेळा येते. शाळेत जाताना आणि आल्यावर. टबाजवळ नाही येत. त्या खांबापाशी उभी राहते. मला विचारते, आज काय खाल्लं? बाकीची पोरं हात घालतात, पाणी उडवतात. ही नुसती बघते.”

आपल्या संतांनी एक कल्पना वापरली आहे, की कासवी नुसत्या नजरेने पिलांचं पोषण करते. खऱ्या जगात कासवी अंडी घालून निघून जाते, वळूनही बघत नाही. पण वॉचमनचं बोलणं ऐकताना मला ती कल्पना आठवली. इथे कासव टबात होतं आणि नजर खांबाआडच्या पोरीची होती.

‘सी’ विंगच्या तळमजल्यावर तेव्हा साताऱ्याकडचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. आठ महिने झाले होते. वडील भिवंडीला एका गोदामात कामाला, आई घरी ब्लाउज शिवायची, मुलगी पाचवीत. आपल्यातल्या कितीजणांना त्यांचं आडनाव तरी माहीत होतं? दरवाज्यावर पाटी मूळ मालकांची. मेंटेनन्सचं बिल मूळ मालकांच्या नावाने. सभेला बोलावणं नाही, कारण ते सभासद नाहीत. ग्रुपवर नाहीत, कारण ग्रुप सभासदांचा.

मी शनिवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. कासवाचं नाव काढलं नाही. सौ.च्या ब्लाउजचं काम होतं, खरोखरच होतं, ते दिलं. चहा झाला. मुलगी आतल्या दाराशी उभी. मागच्या धुण्याच्या ओट्यावर एक निळा टब उपडा घातलेला दिसला आणि त्याच्याजवळ दोन विटा.

मी एवढंच म्हटलं, “पावसात टब भरून वाहिला असेल, नाही?”

बाई एकदम म्हणाल्या, “नाही हो काका, आमच्याकडे काही नाही तसलं.” आणि मुलगी रडायला लागली. आवाज न करता. तसं रडायला मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

मग वडील बोलले. त्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर कलम होतं, ‘जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवणार नाही.’ चार वर्षांतलं हे तिसरं घर. प्रत्येक घराला अनामत, प्रत्येक घराला दलाली, दर वेळी मुलीची शाळा. आधीच्या घरमालकाने भिंतीला खिळा ठोकला म्हणून अनामतीतून पैसे कापलेले. ते म्हणाले, “काका, नोटीस वाचली. पण कासव माझं म्हणून सही करायची म्हणजे कागदावर कबुली झाली. कासवापायी घर गेलं तर? तिला आम्ही समजावलं, की ते तिकडे बरं आहे, बघायला मिळतं ना रोज, तेवढ्यावर भागव.”

ती मुलगी दहा वर्षांची. पाच वर्षं सांभाळलेलं आपलं कासव ती पंधरा दिवस खांबाआडून बघत होती, आणि रविवारी ते दुसऱ्याच्या घरी जाणार, हेही तिला कळलेलं होतं.

मी त्यांना सांगितलं, की तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला काही बोलणार नाही. पण तुम्ही हो म्हणालात, तर तुमच्या घरमालकांशी आधी बोलतो, समितीशी नंतर. घरमालक नाही म्हणाले, तर हे बोलणं या चहाबरोबर संपलं. नवरा-बायको आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले. हो म्हणाले.

घरमालक नागपूरला. फोनवर मी सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प होते, मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “भुंकतं का?” मी म्हटलं, नाही. “मग राहू दे की. ते कलम एजंटच्या छापील नमुन्यातलं आहे, मी कुठे वाचलं होतं?” त्यांनी तसा दोन ओळींचा मेसेज भाडेकरूंना पाठवला. एका छापील ओळीने एका घराला पंधरा दिवस धास्तीत ठेवलं होतं, आणि ती ओळ लिहून घेणाऱ्याला तिचा पत्ता नव्हता.

आता काही जण म्हणतील, मग कासव लगेच देऊन टाकलं असेल. नाही. रडणं हा पुरावा नाही. शिक्षकांची बाजूही होती. रविवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसात समिती, शिक्षक, त्यांचा नातू आणि हे कुटुंब अशी सगळी बसली. पाकीट सर्वांना दाखवलं, सह्या दाखवल्या. मग मुलीला विचारलं, “बाळ, तुझ्या कासवाची खूण सांग.”

तिने विचारलं, “आजोबा, पोटावरची सांगू की पाठीवरची?”

मला वाटतं, निकाल तिथेच लागला. पण रीतसर ऐकलं. ती म्हणाली, पोटावर बारा ठिपके आहेत, शेवटच्या दोनातला डावा स्वल्पविरामासारखा आहे. मराठीच्या बाईंनी स्वल्पविराम शिकवला, त्या दिवशी तिने घरी येऊन कासव उलटं करून बघितलं होतं. पाठीवर खाच आहे, उजवीकडे मागे, लहान असताना ओट्यावरून पडलं होतं त्याची. पाकीट फोडलं. शब्दाला शब्द जुळला.

मग तिने न विचारता आणखी एक सांगितलं. “वाटी वाजवली की येतं.” ऑफिसातली स्टीलची वाटी आणली. तिने टबाच्या कडेला तीनदा टकटक केलं. अठरा दिवस आमच्या हाका, टाळ्या, शिट्ट्या यांना दाद न देणारं ते कासव विटेवरून पाण्यात उतरलं आणि सरळ तिच्या हाताखाली येऊन मान वर करून थांबलं. शिक्षक उठले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नातवाला म्हणाले, “चल. हे तिचंच.” त्या गृहस्थांचं नाव मी सांगत नाही, पण त्यांच्याबद्दल टाळ्या वाजवायला हरकत नाही.

कासवाचं नाव होतं ‘आबा’. गावच्या आजोबांसारखं दिसतं म्हणून. पशुवैद्य ताईंनी पुढच्या पायांची आखूड नखं बघून सांगितलं, की आबा मादी आहेत. यात मुलीची चूक नाही. इंग्लंडमध्ये एका उमरावाच्या वाड्यात टिमोथी नावाचं कासव होतं. क्रिमियाच्या युद्धात ते इंग्रजांच्या जहाजावर होतं. ते मादी आहे हे १९२६ साली कळलं, तोवर कित्येक वर्षं त्याने पुरुषाच्या नावाने काढली होती. आबांचंही नाव बदललं नाही.

ताबा देताना मी पावती केली. ‘कासव, नग एक, चांगल्या स्थितीत मिळाले.’ खाली त्या मुलीने सही केली. आयुष्यातली पहिली सही असं ती म्हणाली. पावती सोसायटीच्या फाइलला आहे, बाहेरच्या प्रदर्शनात लावली आहे, जरूर बघा.

आता थोडं कामाचं. कुणाचं कासव हरवलं, तर आधी घरात आणि घराभोवती शोधा. कपाटामागे, जिन्याखाली, पालापाचोळ्यात, गटाराच्या तोंडाशी. कासव बेपत्ता होतं ते बहुतेक वेळा जवळच कुठेतरी दडून बसलेलं असतं. ब्राझीलमधल्या रिओ शहरात एका घरातलं कासव १९८२ साली हरवलं. ते २०१३ साली त्याच घराच्या अडगळीच्या खोलीतल्या सामानात जिवंत सापडलं. म्हणजे तीस वर्षं! टबाला वरून जाळी लावा, विशेषतः पावसाळ्यात. पाणी काठापर्यंत आलं की कासवाला दार उघडंच. पोटाचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. कासव सापडलं, तर १९२६ला फोन करा आणि ते देशी आहे का हे आधी कळून घ्या. पाण्यात सोडू नका. खुणा जाहीर करू नका. आणि नवं कासव घ्यायचा विचार असेल, तर आधी नियम विचारा, मग तीस वर्षांचा हिशेब करा. माझ्या वयाच्या माणसाने घेऊ नये, एवढं सांगतो.

पण मला आज जे सांगायचं आहे ते कासवाच्या पलीकडचं आहे. बँकांमध्ये दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. २०१४पासून ही व्यवस्था आहे. पैसे बुडत नाहीत, मालक किंवा वारस कधीही मागू शकतो. शोधायला सोपं जावं म्हणून २०२३मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही झालं. तरी असंख्य लोक येत नाहीत. काहींना माहीत नसतं. पण काउंटरवर बसून मी आणखी एक प्रकार पाहिला आहे. माहीत असतं, पण भीती वाटते. साहेब काय विचारतील, कोणता कागद मागतील, नसतं लचांड मागे लागेल. लुगड्याच्या गाठीत पासबुक बांधून आलेली आणि बाकावर बसून तशीच परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे वस्तू सापडलेली असते आणि मालकही ठाऊक असतो. फक्त ‘हे माझं’ म्हणायचा धीर त्याला होत नाही.

आपली नोटीस नियमाने बरोबर होती, पडताळणी चोख होती, आणि ती तशीच असायला हवी. तिच्यामुळे कासव भलत्याकडे गेलं नाही. पण कडक पडताळणी खोट्याला बाहेर ठेवते, खऱ्याला आत आणत नाही. खऱ्याला आत आणायला कुणीतरी त्याच्या दारापर्यंत जावं लागतं. आपल्याकडे ते काम आधी एका वॉचमनच्या डोळ्यांनी केलं.

त्यानंतर समितीने दोन छोट्या गोष्टी केल्या. भाडेकरूंना नोटिसांच्या ग्रुपमध्ये घेतलं, आणि नवं कुटुंब राहायला आलं की समितीचा एक सदस्य पहिल्या आठवड्यात जाऊन भेटतो, रिकाम्या हाताने नाही. पहिल्याच महिन्यात दोन भाडेकरूंनी सांगितलं, की त्यांच्या न्हाणीघरातून दीड वर्षं पाणी झिरपतंय. बोलले नव्हते, कारण ‘आम्ही भाड्याने’. त्या झिरपण्याचा खर्च खालच्या सभासदांच्या छताने किती सोसला, तो हिशेब खजिनदारांना विचारा.

आपल्या सोसायटीत आज बहात्तर घरं आहेत. त्यांतली एकोणीस भाड्याची आहेत. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीत त्या एकोणीस घरांनीही पैसे दिले आहेत, आणि मघाशी ज्या मुलींनी लेझीम केलं, त्यांतल्या चारजणी त्या घरांतल्या होत्या. आबांची मालकीण आता सातवीत आहे. लेझमीत ती पहिल्या रांगेत होती.

पुढच्या पंचवीस वर्षांत लिफ्ट बदलेल, इमारत कदाचित नवी होईल, फळ्याची जागा फोनने घेतलीच आहे. नोटिसा निघतच राहतील. त्या काढणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. नोटीस लावल्यावर दोन दिवसांनी एकदा फेरी मारून बघा, ती वाचून कुणी खांबाआड तर उभं राहिलेलं नाही ना.

दहा मिनिटांची वीस झाली, कासवाच्या विषयात तेवढं चालायचं. जेवणं मांडली आहेत असं खूण करून सांगताहेत.